शाळेच्या कपाटातून पुस्तक काढलं, तर काय करायचं? सहावी ते आठवीच्या वाचकांसाठी

शाळेत पुस्तकावर बंदी येते तेव्हा कोणी दवंडी पिटत नाही. सोमवारी कपाटात असलेलं पुस्तक गुरुवारी नसतं. विचारलं की उत्तर येतं, "ते आता द्यायचं नाही, वरून सांगितलंय." वरून म्हणजे कोणी, कधी आणि कशासाठी, हे कोणालाच धड सांगता येत नाही, कारण कागदावर काही नसतंच. तुझं काम इथून सुरू होतं. तोंडी निघालेला हुकूम कागदावर आणायचा. कागदावर आलं की कारण द्यावं लागतं, खाली सही करावी लागते, आणि सही करायची वेळ आली की पुष्कळ माणसं पुन्हा विचार करतात.

खालच्या पायऱ्या ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. घरातल्या मोठ्यांनीही त्या वाचाव्यात, काही ठिकाणी त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पुस्तक खरंच काढलंय का?

दिसेनासं झालेलं प्रत्येक पुस्तक बंदीमुळेच गेलेलं नसतं. फाटकी, वाळवी लागलेली पुस्तकं ग्रंथालय रीतसर निर्लेखित करतं, म्हणजे नोंदीतून कमी करतं. काही बाइंडिंगला जातात, काही कुणा सरांच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहतात. साठा पडताळणी चालू असेल तर अख्खं कपाटच बंद असतं. म्हणून पहिल्या दिवशी 'बंदी' हा शब्द तोंडातून काढू नकोस. तो एकदा निघाला की समोरचा माणूस सावध होतो आणि साध्या प्रश्नाचंही सरळ उत्तर देत नाही.

ग्रंथपालांना मधल्या सुट्टीच्या गर्दीत गाठू नकोस, शाळा सुटल्यावर जा. एवढंच विचार: "बाई, हे पुस्तक मला हवं होतं. दाखल नोंदवहीत त्याचा नंबर बघता येईल का?"

ही नोंदवही म्हणजे ग्रंथालयाची जन्मपत्रिका. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला तिच्यात एक दाखल क्रमांक मिळतो. पुढे लेखक, प्रकाशक, किंमत, आल्याची तारीख, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पुस्तक हरवलं किंवा निर्लेखित झालं की त्या रकान्यात तसं लिहितात. शेरा कोरा आहे, पुस्तक कोणाच्या नावावर दिलेलं नाही आणि कपाटातही नाही, तर मात्र प्रश्न विचारायला जागा आहे. हाच क्रमांक पुस्तकाच्या शीर्षक-पानाच्या आसपास लिहिलेला असतो. पुष्कळ ग्रंथालयं तो आतल्या एका ठरलेल्या पानावरही टाकतात, त्याला 'गुप्त पान' म्हणतात. पुस्तक तू आधी कधी नेलं असेल, तर क्रमांक तुझ्या वाचक-कार्डावर सापडेल.

पुस्तक हाती लागलंच तर शेवटच्या पानावरची तारीख-चिठ्ठी बघ. जांभळ्या शाईतले शिक्के मोज. दोन वर्षांत ते पुस्तक किती मुलांनी नेलं हे त्या चिठ्ठीवर शिक्क्यांनिशी लिहिलेलं असतं. "हे कोणी वाचतच नाही" या वाक्याला त्याहून चांगलं उत्तर नाही.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ग्रंथपालांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नकोस. अनेक शाळांत ते अर्धवेळ असतात, किंवा वर्गावरच्या एखाद्या बाईंकडेच ग्रंथालयाचं जादा काम असतं. पुस्तक बाजूला ठेवायला सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त वाईट बहुधा त्यांनाच वाटलेलं असतं. त्यांनी तुला खाजगीत सांगितलेलं काही त्यांच्या नावानिशी पत्रात घालू नकोस.

शंभर पानी वही कर. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत. त्याच संध्याकाळी लिही. आठवड्याने लिहिलं की आपल्याला वाटलेलं आणि त्यांनी म्हटलेलं यांची सरमिसळ होते.

'बंदी' म्हणजे नक्की काय

सरकार एखादं पुस्तक जप्त करतं तेव्हा तशी अधिसूचना, म्हणजे जाहीर लेखी हुकूम, काढावी लागते आणि तिच्यात कारणं द्यावी लागतात. आज हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली होतं, आणि कलम ९९ प्रमाणे त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं. १९१० साली 'कीचकवध' नाटक बंद पाडायला इंग्रजांनाही सरकारी हुकूम काढावा लागला होता. म्हणून "त्या पुस्तकावर बंदी आहे" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख विचार. गोखले रोडवरच्या किंवा वाशीतल्या दुकानात जे पुस्तक उघड विकायला आहे, ते सहसा सरकारने बंद केलेलं नसतं. ते फक्त तुझ्या शाळेने काढलेलं असतं. शाळेचा निर्णय शाळेत बदलता येतो.

आणि हेही खरं की शाळेला निवड करावीच लागते. पाचवीच्या कपाटात काय ठेवायचं आणि आठवीच्या काय, हे ठरवणं तिचं काम आहे. पुस्तक फक्त मोठ्या वर्गांसाठी ठेवलं असेल तर ती बंदी नव्हे. एखाद्या पालकाने "माझ्या मुलाला हे देऊ नका" असं लिहून दिलं तर तोही त्यांचा हक्क आहे. भांडण फक्त इतकंच आहे की एका घराने आपल्या मुलासाठी घेतलेला निर्णय शाळेतल्या सगळ्या मुलांवर का पडावा.

पुस्तक आधी पूर्ण वाच

ही पायरी सगळेच गाळतात. ज्यांनी पुस्तक काढायला लावलं त्यांनी बहुतेकदा मोबाईलवर फिरलेलं एक पान पाहिलेलं असतं. तूही न वाचताच बोलायला उठणार असशील, तर दोन्ही बाजू सारख्याच.

प्रत मिळवायला अडचण नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे, तिथे घरातल्या कोणाच्या तरी नावावर सभासदत्व घेता येतं. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातही ग्रंथालय आहे. नाहीतर दोघा-तिघांनी वर्गणी काढून विकत घ्या. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढू नका. ती कायद्यात बसत नाही, आणि उद्या बैठकीत चर्चा पुस्तकाऐवजी तुमच्या झेरॉक्सवर घसरेल.

वाचताना आक्षेपाचं पान सापडलं की तिथे कागदाची पट्टी घाल. मग त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा पानं पुन्हा वाच आणि चार ओळींत लिही: हे वाक्य कोण बोलतं, कोणाला, पुढे त्याचं काय होतं. आक्षेप कसला आहे त्यावर उत्तर बदलतं.

शिव्यांबद्दल असेल तर बघ, त्या कोणाच्या तोंडी आहेत. गावकुसाबाहेरच्या माणसाने आपलं आयुष्य लिहिलं, तर त्याला घातलेल्या शिव्या त्यात येणारच. त्या काढल्या तर त्याने सोसलेलंच पुसलं जातं. हे बैठकीत स्पष्ट सांग. मासिक पाळी, वयात येणं, शरीर यांबद्दल असेल तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला त्याच विषयाचा धडा सोबत ने आणि दोन्ही पानं शेजारी ठेव. धर्म किंवा थोर पुरुषांबद्दल आक्षेप असेल तर मात्र पाऊल जपून टाक. असल्या वादात शाळेबाहेरची माणसं लवकर उतरतात. तिथे पत्र पालकांच्याच नावाने जाऊ दे, आणि 'त्यांच्या समाजाचे लोक' असा शब्दही कुठे येऊ देऊ नकोस.

घरी सांगण्याची वेळ

पत्र देण्याआधी घरी सांग, नंतर नाही. शाळा पहिला फोन घरीच करणार आहे. आई-बाबांना शाळेच्या तोंडून पहिल्यांदा कळलं तर ते बिचकतात आणि तुझ्या बाजूने उभं राहायच्या आधी तुझ्यावर चिडतात. त्यांना पुस्तक दे, पट्टी घातलेली पानं दाखव, पत्राचा कच्चा खर्डा दाखव.

पालकांना एक विनंती: पत्र तुम्ही लिहून देऊ नका. 'सबब', 'उपरोक्त', 'निदर्शनास आणू इच्छितो' असं सातवीचं मूल लिहीत नाही, आणि मुख्याध्यापक ते पहिल्याच ओळीत ओळखतात. मुलाचं पत्र मुलाच्या भाषेत राहू द्या. खाली "वाचले, सहमत आहे" लिहून सही करा. त्यात सगळं येतं.

घरचे नाही म्हणाले तर त्यांची सही स्वतः मारू नकोस. एवढ्या एका चुकीने सगळं पत्र खोटं ठरतं. तेव्हा पुस्तक वाच, वही लिहीत राहा, आणि एखाद्या विश्वासातल्या शिक्षकांना विचार.

पत्र

ए-फोर कागदाची एक बाजू, त्याहून जास्त नाही. दोन प्रती काढ. नमुना असा, शब्द तुझे घाल:

प्रति,
मा. मुख्याध्यापक, (शाळेचे नाव), ठाणे.
विषय : ग्रंथालयातील पुस्तकाबाबत माहिती मिळणे व फेरविचार होणे.

महोदय, मी इयत्ता ७ वी ब ची विद्यार्थिनी आहे. आपल्या ग्रंथालयातले '…' हे पुस्तक, दाखल क्रमांक …, दिनांक … पासून वाचायला मिळत नाही. मी ते पूर्ण वाचले आहे. कृपया मला लेखी कळवावे :
१. पुस्तक देणे कोणत्या तारखेपासून आणि कोणाच्या आदेशाने थांबवले?
२. लेखी तक्रार आली होती का? कोणत्या पानांबद्दल? तक्रार करणाऱ्यांचे नाव मला नको.
३. निर्णय घेण्याआधी पुस्तक पूर्ण कोणी वाचले?
शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत याचा फेरविचार व्हावा आणि मला तीन मिनिटे बोलू द्यावे, ही विनंती. १५ दिवसांत उत्तर मिळावे.

तक्रारदाराचं नाव का नको? कारण नाव कळलं की प्रश्न पुस्तकाचा राहत नाही, दोन घरांचा होतो. त्या घरातलं मूल कदाचित तुझ्याच बाकावर बसत असेल.

पहिल्या पत्रात कायद्याची कलमं घालू नकोस. कलम दिसलं की पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावरून संस्थेच्या वकिलाकडे जातं आणि दोन महिने परत येत नाही. कलमं दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेव.

पत्र कार्यालयात लिपिकांकडे द्यायचं आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. याला पोच म्हणतात. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समज. "ठेव इथे, बघतो" म्हणाले तर हात न काढता म्हण, "माझ्या प्रतीवर शिक्का देता का?" नाहीच दिला तर तेच पत्र आई-बाबांनी स्पीड पोस्टाने पाठवावं आणि पावती वहीत चिकटवावी.

सह्या

सह्या गोळा करणार असशील तर विनंतीचा मजकूर त्याच कागदावर वर छापलेला हवा. कोऱ्या कागदावरच्या सह्या कशालाही जोडता येतात, आणि कोणीतरी नेमकं तेच म्हणेल. फक्त नाव, इयत्ता, सही. फोन नंबर नको. तास चालू असताना कागद फिरवू नकोस. प्राथमिकच्या मुलांना यात ओढू नकोस. पुस्तक वाचलेल्या वीस जणांच्या सह्या न वाचलेल्या दोनशेंपेक्षा वजनदार असतात, म्हणून 'वाचले आहे' असा एक रकाना ठेव आणि तो प्रत्येकाने खराच भरू दे.

बैठक

महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. विनाअनुदानित शाळेत ही समिती नसेल, तिथे पत्रात समितीऐवजी पालक-शिक्षक संघ लिही. बैठकीआधी समितीतल्या दोन-तीन पालकांना पुस्तक वाचायला दे. न वाचलेल्या पुस्तकाच्या बाजूने कोणी हात वर करत नाही.

तीन मिनिटं म्हणजे साधारण ३०० शब्द. मोठ्या अक्षरात छापून घे, घरी घड्याळ लावून पाच वेळा मोठ्याने वाच. आधी तू कोण आणि पुस्तक केव्हा वाचलंस. मग एकच प्रसंग, पान नंबरासकट, आणि तो तुला का महत्त्वाचा वाटला. शेवटी मागणी, एकाच वाक्यात. आवाज थरथरला तर थरथरू दे, थांब, पाणी पी, पुढचं वाक्य वाच. सगळ्यांना कळतं की समोर बारा-तेरा वर्षांचं मूल उभं आहे.

समोरचा एकच ओळ वाचून दाखवेल. तेव्हा म्हण, "याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेदही वाचू का?" म्हणूनच पट्ट्या घातलेली प्रत हातात हवी.

"इतकी पुस्तकं आहेत, दुसरं वाच" असं म्हणाले तर: "दुसरंही वाचेन. हे का नको, ते पान दाखवून सांगा." "तुला हे कोणी शिकवलं?" असं आलं तर: "पुस्तकातलं काहीही विचारा, सांगते." "लहान मुलांच्या हाती पडेल" यावरचं उत्तर मात्र घरून ठरवून जा, कारण त्यात तथ्य असू शकतं. सातवीपासून पुढच्यांना द्यावं, वेगळा कप्पा करावा, इतकं मान्य करायची तयारी ठेव. मुख्याध्यापकांच्या कुलुपातल्या कपाटाला मात्र हो म्हणू नकोस. जे पुस्तक मागायला मुख्याध्यापकांच्या खोलीत जावं लागतं, ते कोणी मागत नाही.

निर्णय काहीही होवो, तो इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत, लिहिला गेला का ते विचार. न्यूयॉर्कजवळच्या आयलंड ट्रीज इथल्या शाळा मंडळाने १९७६ मध्ये ग्रंथालयातली पुस्तकं काढली, मग पालक आणि शिक्षकांची समिती नेमली, आणि समितीने काही पुस्तकं ठेवा म्हटल्यावर तिचंही ऐकलं नाही. पाच विद्यार्थी कोर्टात गेले, त्यांतला एक कनिष्ठ माध्यमिक शाळेतला, म्हणजे जवळपास तुझ्याच वयाचा. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. केवळ त्यातले विचार आवडत नाहीत म्हणून शाळा मंडळाने ग्रंथालयातून पुस्तकं काढू नयेत, असं मुख्य निकालपत्रात म्हटलं आहे. हा निकाल आपल्याकडे कायदा म्हणून चालत नाही, तो मुख्याध्यापकांच्या तोंडावर फेकू नकोस. त्यातून घ्यायचं ते इतकंच: समिती नेमताना तिचा निर्णय कोण पाळणार, हे आधी लिहून घ्यावं लागतं.

उत्तरच आलं नाही तर

सोळाव्या दिवशी दुसरं पत्र. आता कायदा घाल. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलं आहे, आणि त्यात सर्व विषयांवरची पुस्तकं, गोष्टींच्या पुस्तकांसह, असावीत असं म्हटलं आहे. कलम २९ म्हणतं की मुलाला भीतीपासून मोकळं ठेवावं आणि आपलं मत मोकळेपणाने मांडायला मदत करावी. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. त्याचं कलम १२ मुलांचं मत ऐकून घेण्याबद्दल आहे, कलम १३ माहिती मिळवण्याबद्दल. यांतली दोन निवड. चारही घातली की पत्र जड होतं.

त्यानंतर पालकांनी वर लिहायचं, आणि इथे पत्ता चुकतो. महापालिकेच्या शाळेसाठी ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेचा शिक्षण विभाग. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेसाठी ठाणे जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक). खारघर, कामोठे, नवीन पनवेल यांना आपण सरसकट नवी मुंबई म्हणतो, पण ती रायगड जिल्ह्यात आहेत. तिथली जिल्हा परिषद अलिबागला आहे आणि महापालिका पनवेलची. पत्र चुकीच्या जिल्ह्यात गेलं की महिना फुकट जातो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिकेकडे किंवा जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो.

माहिती अधिकाराचा अर्ज पालकांच्या नावाने करा: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. "पुस्तक का काढलं?" असं विचारलं तर "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं, कारण या कायद्याखाली असलेले कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. म्हणून "पुस्तक काढण्याच्या आदेशाची प्रत, तक्रारीची प्रत, दाखल नोंदवहीतल्या संबंधित पानाची प्रत द्यावी" असं लिहा. आदेशच नाही असं लेखी उत्तर आलं, तर त्याहून उपयोगी कागद तुम्हाला मिळणार नाही.

मोबाईल लांब ठेव

गणवेशातला व्हिडिओ, नोंदवहीचा फोटो, शिक्षकांचं नाव, यांतलं काहीही टाकू नकोस. देवघेवीच्या रजिस्टरमध्ये इतर मुलांची नावं असतात. शिवाय व्हिडिओ पसरला की शाळा 'बदनामी' हा एकच शब्द धरून बसते आणि पुस्तक बाजूला राहतं. वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात नको. तिथे रात्री अकरानंतर जे लिहिलं जातं त्याचा सकाळी सगळ्यांनाच पश्चात्ताप होतो.

वर्गात उभं करणं, टोमणे मारणं, मार्क कापायची धमकी देणं असं काही झालं तर तारखेसह वहीत लिही आणि त्याच दिवशी घरी सांग. मानसिक त्रास देण्याला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. शाळेबाहेरचं कोणी धमकावलं तर तू तिथेच थांब. पुढचं मोठ्यांनी पोलिसांकडे न्यायचं. त्यात तुझं धाडस कमी पडलं असं होत नाही.

पुस्तक परत आलं की

घाईने आनंद करू नकोस, आधी तीन गोष्टी तपास. ते जुन्याच कप्प्यात आहे का, नोंदवहीत शेरा नीट आहे का, आणि मागितल्यावर कोणत्याही मुलाला मिळतं का. शाळा नवी प्रत भेट म्हणून स्वीकारत असेल तर तिला दाखल क्रमांक पडायलाच हवा. क्रमांक नसलेलं पुस्तक उद्या कोणीही उचलून नेलं तरी हिशेबात कमी दिसत नाही.

मग समितीकडे एका पानाचा आक्षेप-अर्ज माग, पुढच्या पुस्तकासाठी. त्यात इतकं असावं: आक्षेप घेणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचलं आहे का, कोणतं पान, काय हवं आहे, निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहील, ग्रंथपाल, दोन शिक्षक, दोन पालक अशा पाच जणांनी ते वाचून ३० दिवसांत लेखी निर्णय द्यावा, एकदा निकाल लागलेल्या पुस्तकावर तीन वर्षं पुन्हा आक्षेप नको. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या आधीच्या बैठकीत हा विषय ठेवला तर शाळेलाही तो मान्य करणं सोपं जातं.

आणि परत आलेलं पुस्तक पहिल्यांदा तूच तुझ्या कार्डावर ने. तारीख-चिठ्ठीवर शिक्का पडू दे. सात दिवसांत परत कर, म्हणजे मागच्या मुलाला मिळेल.